हायड्रोकार्बनचे प्रकार: शिकवणीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा कार्बनी संयुगांचा धडा सुरू झाला की आमच्या शिकवणीत दरवर्षी तेच प्रश्न येतात, फक्त विचारणारं पोट्टं बदलते. मग म्हटलं एकदाचं लिहून टाकू. गाव वरूड तालुक्यातलं आहे, त्यामुळे उदाहरणं संत्र्याची, पऱ्हाटीची अन् गोठ्यातलीच येतील. सूत्रं मराठी अक्षरांत लिहिली आहेत, सीएच४ म्हणजे एक कार्बन चार हायड्रोजन, सी२एच६ म्हणजे दोन कार्बन सहा हायड्रोजन, एवढं ध्यानात ठेवलं की पुढे अडचण नाही.

प्रश्न: हायड्रोकार्बन म्हणजे नेमकं काय?

ज्याच्यात फक्त कार्बन अन् हायड्रोजन हे दोनच आहेत ते हायड्रोकार्बन, बस. ऑक्सिजनचा एक जरी अणू घुसला तरी ते त्या घरातलं राहिलं नाही, चुलत घराण्यात गेलं. मिथेन, सिलिंडरमधला गॅस, मेणबत्तीचं मेण, पन्नीचं प्लास्टिक हे आतले. साखर, दारू, कापूर, युरिया हे बाहेरचे. पेट्रोलचं म्हणाल तर आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आहे, म्हणजे गाडीच्या टाकीत सध्या घरचे अन् पाहुणे एकत्रच राहून राहिले.

प्रश्न: सर, हायड्रोकार्बन अन् कार्बोहायड्रेट एकच ना?

नाही बावा. नावं उलटसुलट वाटतात म्हणून पेपरात दरवर्षी कोणी ना कोणी गडबडते. कार्बोहायड्रेटमध्ये ऑक्सिजन असतोच असतो. ज्वारीतलं पीठ कार्बोहायड्रेट, साखर कार्बोहायड्रेट, अन् वावरात पऱ्हाटी फुटली की जो पांढरा कापूस दिसतो तो जवळपास सगळा सेल्युलोज, म्हणजे तोही कार्बोहायड्रेटच. कापूस पेटतो, डिझेलही पेटते, पण पेटणं हे काही घराण्याचं लक्षण नाही.

प्रश्न: सेंद्रिय म्हणजे बिनरासायनिक. मग डिझेलला सेंद्रिय कसं म्हणता?

हा प्रश्न पोट्ट्यांचा नाही, त्यांच्या बाबांचा आहे, अन् प्रश्न एकदम रास्त आहे. शेतीतलं सेंद्रिय वेगळं, रसायनशास्त्रातलं सेंद्रिय वेगळं. जुन्या काळी शास्त्रज्ञांना वाटायचं की काही पदार्थ फक्त जिवंत शरीरातच तयार होतात, त्यांना सेंद्रिय म्हणायचं. १८२८ मध्ये व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं अमोनियम सायनेट तापवून युरिया बनवला, जो तोपर्यंत फक्त लघवीतूनच मिळतो असं समजायचे, अन् ती समजूत ढिली पडायला लागली. शब्द मात्र चिकटून राहिला. आता सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचं शास्त्र, मग ते शेणातून येवो की कारखान्यातून.

गंमत बघा, युरिया हे रसायनशास्त्राच्या वहीत पक्कं सेंद्रिय संयुग, अन् सेंद्रिय शेतीत त्याला बांधावरही उभं करत नाहीत. आणखी एक, आपल्या देशात ती पंचेचाळीस किलोची गोणी बनते ती मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, म्हणजे मिथेनपासून. त्यातला हायड्रोजन काढून अमोनिया बनवतात अन् अमोनियाचा युरिया. म्हणजे खताच्या दुकानात रांग लावता तेव्हा एका हायड्रोकार्बनचीच वाट बघत असता.

प्रश्न: मुख्य प्रकार किती अन् कोणते?

कार्बनला चार हात आहेत असं समजा. पुस्तकात याला संयुजा चार म्हणतात. हायड्रोजनला एकच हात. नियम एकच, कोणाचाही हात रिकामा राहिला नाही पाहिजे. आता दोन कार्बन शेजारी उभे आहेत. त्यांनी एकमेकांचा एकच हात धरला तर एकेरी बंध, असे सगळे एकेरीच असले की तो अल्केन. दोन हातांनी धरलं तर दुहेरी बंध, तो अल्कीन. तीन हातांनी धरलं तर तिहेरी बंध, तो अल्काइन. अल्केनला संपृक्त म्हणतात, सेमी-इंग्रजीवाले सॅच्युरेटेड म्हणतात, म्हणजे हायड्रोजनसाठी आता जागाच नाही, गच्च भरलेली काळीपिवळी. अल्कीन अन् अल्काइन असंपृक्त, अजून दोनचार सवाऱ्या बसू शकतात.

याच्याशिवाय कार्बन गोल करून बसले तर चक्रीय, अन् त्यातही बेंझीनसारखं एक खास कडं असलं तर अरोमॅटिक. झाले प्रकार. बाकी सगळं याच्यातूनच निघते.

प्रश्न: सूत्रं पाठच होत नाहीत, काय करू?

पाठ करूच नको. अल्केनमध्ये कार्बन जितके, त्याच्या दुप्पट हायड्रोजन अधिक दोन. हे काऊन? मालगाडीसारखी कार्बनची रांग लाव, मधल्या प्रत्येक कार्बनचे दोन हात शेजाऱ्यांत गेले, दोन उरले, म्हणून दुप्पट. दोन्ही टोकांच्या कार्बनचा एकेक हात जास्तीचा रिकामा, म्हणून अधिक दोन. आता कुठंतरी एक दुहेरी बंध केला तर दोन हात आपसात गुंतले, दोन हायड्रोजन कमी, म्हणून अल्कीन म्हणजे फक्त दुप्पट. तिहेरी केला की आणखी दोन कमी, म्हणून अल्काइन दुप्पट वजा दोन. सी२एच६, सी२एच४, सी२एच२. सहा, चार, दोन.

हा हिशेब उलटाही चालतो अन् खरी मजा तिथंच आहे. कोणतंही सूत्र द्या, संपृक्त असतं तर हायड्रोजन किती असते ते काढा, त्यातून असलेले वजा करा, उरलेल्याचं अर्धं करा. जो आकडा येईल तितके दुहेरी बंध किंवा कडी त्या रेणूत आहेत, तिहेरी बंध असला तर तो दोन धरायचा. खाली याचा उपयोग होणार आहे, लक्षात ठेवा.

प्रश्न: मेथ, इथ, प्रोप, ब्युट... ही नावं कुठून आणली?

एक, दोन, तीन, चार कार्बन. पहिली चार नावं जुन्या नावांवरून आली म्हणून विचित्र आहेत, पाचपासून पेंट, हेक्स, हेप्ट, ऑक्ट असे सरळ ग्रीक-लॅटिन आकडे सुरू होतात. ही चार तेवढी घोका, इलाज नाही. शेवटी एन आला तर एकेरी, ईन आला तर दुहेरी, आइन आला तर तिहेरी.

मेथीन का नसते? कारण एका कार्बननं स्वतःशीच दुहेरी बंध करायचा कसा. हात धरायला दुसरा पाहिजे ना.

प्रश्न: काही गॅस, काही पातळ, काही घट्ट, असं काऊन?

साखळी जितकी लांब तितके रेणू एकमेकांना जास्त चिकटून बसतात. एक ते चार कार्बनचे सरळ अल्केन वायू, पाचपासून साधारण सतरापर्यंत द्रव, अठरापासून पुढे घन. असं पुस्तकात आहे अन् ते बरोबर आहे, पण ते २०–२५ अंशाच्या खोलीसाठी लिहिलेलं आहे. पेंटेन उकळतो ३६ अंशाला. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, तेव्हा पेंटेनची बाटली ओट्यावर ठेवली तर तो पातळ राहणार नाही, उकळून उडून जाईल. अन् अठरा कार्बनवाला ऑक्टाडेकेन वितळतो २८ अंशाला, म्हणजे तो घन पदार्थ आपल्याकडे होळीनंतर दुपारी तेल होऊन बसलेला असेल. पेपरात मात्र पुस्तकातलंच लिहा, तपासणाऱ्याला आपल्या उन्हाळ्याशी काही घेणंदेणं नसते.

प्रश्न: गोबर गॅस अन् सिलिंडरचा गॅस, दोन्ही सारखेच ना? दोन्हीवर भाकर होते.

दोन्ही अल्केनच, पण सारखे नाहीत. गोबर गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकी बराचसा कार्बन डायऑक्साइड, अन् थोडा हायड्रोजन सल्फाइड, ज्याचा तो सडक्या अंड्याचा वास. शेणातले जिवाणू बिनहवेच्या खड्ड्यात हे काम करतात, म्हणूनच हवा घुसली की गॅस बनत नाही अन् थंडीत ड्रम वर यायचं नाव घेत नाही कारण जिवाणू गारठतात. सिलिंडरमध्ये असतो प्रोपेन अन् ब्युटेन, सी३एच८ अन् सी४एच१०. हे दाबाखाली सहज पातळ होतात, म्हणून १४.२ किलो एवढ्याशा टाकीत मावतात. मिथेन साध्या तापमानाला कितीही दाबला तरी पातळ होत नाही, त्याला आधी खूप थंड करावं लागते, म्हणून गोबर गॅसचं सिलिंडर दारात येत नाही.

आता जी गोष्ट आयांनी वाचावी ती. मिथेन हवेपेक्षा हलका आहे, वर जातो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड आहे, फरशीवर पाण्यासारखा पसरतो अन् ओट्याखाली, कोपऱ्यात साचून राहतो. त्यामुळे वास आला की वरचा झरोका उघडून भागत नाही, दार सताड उघडा, रेग्युलेटर बंद करा, लाइटच्या बटनाला हात लावू नका, ना चालू ना बंद. पातळ गॅसचा वायू झाला की तो साधारण अडीचशे पट जागा घेतो, म्हणून गळती छोटी दिसली तरी छोटी नसते. अन् तो वास गॅसचा नाहीच. प्रोपेन-ब्युटेनला वास नसतो, मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग चिमूटभर घालतात, तुम्हाला कळावं म्हणून.

प्रश्न: ढोरं मिथेन सोडतात म्हणे, मागून?

जास्त करून तोंडातून. रवंथ करताना ढेकर येते त्यातून. पुढचा प्रश्न.

प्रश्न: कोळसा खाणीत स्फोट होतो तो कशाचा?

मिथेनचाच. चंद्रपूर, वणी, उमरेडकडे ज्यांचे काका-मामा खाणीत आहेत त्यांना माहीत असेल. कोळशाच्या थरांत मिथेन अडकलेला असतो, जमिनीखालच्या खाणीत तो बाहेर येतो. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. कमी असला तर पेटत नाही, जास्त असला तरी पेटत नाही, मधलाच पट्टा घातक. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीनं बारीक तारेची जाळी लावलेला कंदील बनवला, जाळी उष्णता खेचून घेते म्हणून आतली ज्योत बाहेरच्या गॅसला पेटवू शकत नाही. दलदलीतून बुडबुडे येतात तोही मिथेन, व्होल्टानं १७७६ मध्ये तळ्यातून गोळा केला होता, तोच व्होल्टा ज्याच्यावरून व्होल्ट.

प्रश्न: पुस्तकात लिहिलं संपृक्त निळ्या ज्योतीनं जळते. मग मेणबत्ती पिवळी काऊन? मेण तं अल्केन आहे.

शाब्बास. हा प्रश्न ज्यानं विचारला त्याला मी त्या दिवशी आलूबोंडा खाऊ घातला. पुस्तकातला नियम तेव्हा खरा जेव्हा हवा भरपूर मिळते. मेणबत्तीत वीसच्या वर कार्बनची लांब साखळी आहे, वातीजवळ तेवढा ऑक्सिजन पोचत नाही, काही कार्बन न जळता काजळी म्हणून तापून चमकतो, तोच पिवळा उजेड. वर थंड वाटी धरा, काळी होईल. गॅसच्या शेगडीवर गंजाचं बूड काळं व्हायला लागलं तर गॅस खराब नाही आला, बर्नरची हवेची भोकं मळानं बुजली आहेत, टाचणीनं साफ करा. असंपृक्तांमध्ये कार्बनचं प्रमाण जास्त असते म्हणून ते सहसा जास्त धूर सोडतात, एवढाच त्या नियमाचा अर्थ.

प्रश्न: समघटक म्हणजे काय?

सूत्र तेच, जोडणी वेगळी. पानटपरीवरचा दहा रुपयाचा लायटर हातात घ्या, पारदर्शक असतो तो. आत जे पाणी हलताना दिसते ते पाणी नाही, मुख्यतः पातळ झालेला ब्युटेन आहे. सी४एच१० हे सूत्र दोन प्रकारे बनते, चार कार्बन एका ओळीत उभे केले तर साधा ब्युटेन, तीन ओळीत अन् एक मधल्याच्या खांद्यावर बसवला तर आयसोब्युटेन. पहिला उकळतो जवळपास शून्याला, उणे अर्ध्या अंशावर, दुसरा उणे बाराच्या आसपास. अणू तेवढेच अन् तेच, स्वभाव वेगळा. पेंटेनचे तीन, हेक्झेनचे पाच, हेप्टेनचे नऊ, ऑक्टेनचे अठरा, अन् डेकेनचे पंच्याहत्तर. पंच्याहत्तर काढत बसू नका, एकानं खरंच बसून वही संपवली होती.

प्रश्न: अल्कीनचं आपल्या भागातलं उदाहरण सांगा.

केळी. आंबे. फळ पिकायला लागलं की ते स्वतः इथिलीन नावाचा वायू सोडते, सी२एच४, सगळ्यात लहान अल्कीन, पुस्तकात त्याला इथीन म्हणतात. तो वायू शेजारच्या फळाला पिकायचा निरोप देतो. आजी आंब्याची आढी तणसात झाकून घालायची ती याचसाठी, वायू कोंडून राहावा म्हणून, अन् एक जास्त पिकलेला आंबा मधोमध ठेवायची. तिला इथीन माहीत नव्हतं पण ते वापरता येत होतं.

संत्र्याचं मात्र वेगळं आहे अन् हे बागवाल्यांनी नीट समजून घ्या. संत्रा झाडावरून तोडल्यावर आणखी पिकत नाही, गोडी वाढत नाही. आंबिया बहाराचा माल कधी कधी आतून तयार असतो पण साल हिरवी असते, अशा मालाला इथिलीन दिलं की सालीतलं हिरवं हरितद्रव्य जाते अन् नारंगी रंग उघडा पडतो. रंग येतो, गोडी नाही. आंबट तोडला तर पिवळा आंबट मिळेल.

फळं पिकवायला इथिलीन वायू वापरायची आपल्याकडे परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत.

प्रश्न: मग ते कार्बाइड वापरतात ते काय असते?

ते हायड्रोकार्बन नाही, पण त्याच्यातून निघते. कॅल्शियम कार्बाइडच्या राखाडी खड्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन निघतो, सी२एच२, सगळ्यात लहान अल्काइन, अन् खाली चुन्याची निवळी नव्हे, चुन्याचा चिखल उरतो. ॲसिटिलीन हा इथिलीनचा जवळचा नातेवाईक, म्हणून तोही फळाला पिकवतो, पण ओढूनताणून. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक अन् फॉस्फरसचे अंश असतात, तो जो लसणासारखा वास येतो तो त्या अशुद्धीचा. म्हणून फळं पिकवायला कार्बाइड वापरणं भारतात बंद आहे, कायद्यानं. तरी पेटीच्या तळाशी पुडी सापडते ती गोष्ट वेगळी.

प्रश्न: वानरं हाकलायला पाइपाची बंदूक बनवतात, तीही याचीच ना?

हो, अन् बनवू नका. मी इथं कृती लिहिणार नाही. मिथेन ५ ते १५ टक्क्यांतच पेटतो हे वर वाचलं ना, ॲसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांच्याही पुढं पेटतो. म्हणजे तुम्ही कसंही मोजा, स्फोट व्हायचाच. अन् उडाली नाही म्हणून आत वाकून बघायची सवय प्रत्येक माणसाला असते, तेव्हाच उडते, डोळ्यात. तूर वानरानं खाल्ली तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते.

प्रश्न: वेल्डिंगवाला दोन टाक्या घेऊन येतो त्यातली एक ॲसिटिलीनची का?

हो, लालसर तपकिरी टाकी ॲसिटिलीनची, काळी ऑक्सिजनची. दोन्ही मिळून ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते, नांगराचा फाळ काय अन् ट्रॉलीचा चॅनल काय, लोण्यासारखा कापला जातो. तिहेरी बंधात ऊर्जा ठासून भरलेली असते, अन् त्याच कारणानं ॲसिटिलीन नुसता दाबून टाकीत भरला तर आग नसतानाही फुटू शकतो. म्हणून त्या टाकीत आत सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असते अन् गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. टाकी आडवी ठेवून वापरायची नाही ती याचसाठी, ॲसिटोनच बाहेर यायला लागते.

प्रश्न: पन्नीला पॉलिथीन म्हणतात. नावात ईन आहे म्हणजे ती अल्कीन आहे का?

होती. हजारो इथीन एकमेकांना जोडले, जोडताना प्रत्येकानं दुहेरी बंधातला एक हात सोडून शेजाऱ्याला दिला. साखळी तयार झाली तेव्हा दुहेरी बंध उरलेच नाहीत, म्हणजे नाव अल्कीनचं अन् वागणं अल्केनचं. अल्केनचा स्वभाव आळशी, कोणाशी लवकर क्रिया करत नाही, जुन्या लोकांनी त्यांना पॅराफिन नाव दिलं त्याचा अर्थच कमी ओढ असलेला. म्हणून पन्नी उकिरड्यात वर्षानुवर्षं तशीच राहते अन् गाईच्या पोटात गेली तरी पचत नाही. वावरातली ठिबकची नळीही त्याच जातीची, तिथं मात्र हाच आळशीपणा आपल्या कामाचा. हे प्लास्टिक १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत चुकून सापडलं, शोधत दुसरंच काही होते.

प्रश्न: संत्र्याची साल दिव्याजवळ दाबली की फुलबाजीसारखं होते, ते काय?

हा आमच्याकडचा सगळ्यात आवडता प्रयोग, लाइट गेली की आपोआप होतो. सालीचा तुकडा घ्या, बाहेरची बाजू दिव्याकडे करून दुमडा. बारीक फवारा उडतो अन् ज्योतीत चर्र करून ठिणग्या पडतात. चेहरा अन् ओढणी लांब ठेवा. सालीवरचे जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या आहेत, अन् त्या तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास लिमोनीन असते. सूत्र सी१०एच१६. पक्का हायड्रोकार्बन, आपल्याच बागेतला.

आता वरचा उलटा हिशेब लावा. दहा कार्बन, संपृक्त असता तर हायड्रोजन बावीस. आहेत सोळा. सहा कमी, अर्धे तीन. खरंच लिमोनीनमध्ये दोन दुहेरी बंध अन् एक कडं आहे. पण फक्त सूत्रावरून तीन दुहेरी की दोन दुहेरी अन् एक कडं हे सांगता येत नाही, कारण कडं बंद करायलाही दोन हात लागतातच. म्हणूनच तीन कार्बनचं कडं अन् प्रोपीन या दोघांचंही सूत्र सी३एच६ च येते.

तोच फवारा फुगवलेल्या फुग्यावर मारा, फटकन फुटतो. फुग्याचं रबरही हायड्रोकार्बन, लिमोनीनही हायड्रोकार्बन, सारखं सारख्यात विरघळते. हाताला लागलेला ऑइलपेंट पाण्यानं निघत नाही पण घासलेटानं निघतो, कारण तेच.

प्रश्न: अरोमॅटिक म्हणजे वास येणारं. मग कापूर अरोमॅटिक आहे ना?

नाही, अन् इथंच फसगत होते. सुरुवातीला सापडलेल्या काही संयुगांना सुगंध होता म्हणून नाव पडलं, आता त्या नावाचा वासाशी संबंध राहिला नाही. अरोमॅटिक म्हणजे बेंझीनसारखं कडं असलेला. कापूर सी१०एच१६ओ, ऑक्सिजन आहे, म्हणजे हायड्रोकार्बनही नाही अन् ते खास कडंही नाही. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन, सी१०एच८, दोन बेंझीनची कडी एक भिंत वाटून घेऊन बसलेली, ती खरी अरोमॅटिक. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही उघड्यावर ठेवल्या की न वितळता हवेत उडून जातात, पण एक देवापुढं अन् एक लुगड्याच्या ट्रंकेत. आता काही दुकानात मिळणाऱ्या गोळ्या क्लोरीनवाल्या असतात, त्या नॅप्थलीन नाहीत. लहान लेकरांच्या हाती कोणतीच देऊ नका, गोळी दिसली की तोंडात जाते.

प्रश्न: बेंझीनमध्ये एवढं काय खास?

सी६एच६. हिशेब लावा, चौदा हवे होते, सहाच आहेत, आठ कमी, म्हणजे चार. तीन दुहेरी बंध अन् एक कडं. एवढा उपाशी रेणू म्हणजे ब्रोमीन (असंपृक्त रेणू ज्याला लगेच जोडून घेतात ते मूलद्रव्य) दिसताच तुटून पडायला पाहिजे. पडत नाही. फॅरेडेनं १८२५ मध्ये शोधला, पण त्याची बैठक कशी आहे हे कोणाला जमत नव्हतं, केकुलेनं १८६५ मध्ये सहाचं कडं सुचवलं. कोडं पूर्ण सुटलं ते फार नंतर, की ते सहा जास्तीचे हात ठरावीक जोडीत नसतातच, सहाही जण मिळून वाटून घेतात. मोजमापानं हे दिसते, साध्या एकेरी बंधाची लांबी १५४ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग), दुहेरीची १३४, अन् बेंझीनमध्ये सहाच्या सहा बंध सारखेच, १३९ च्या आसपास. ना इकडचे ना तिकडचे.

बेंझीननं कॅन्सर होतो. पेट्रोलमध्येही तो थोडा असतो, आपल्याकडे एक टक्क्याची मर्यादा आहे.

प्रश्न: कॅनमधून डिझेल काढताना नळी तोंडानं ओढतो, पोटात गेलं तं काय होते?

मी बारावीत असताना ओढलं होतं, बाबांचं इंजिन विहिरीवर होतं, घोटभर गेलं अन् मी घरी कोणाला सांगितलं नाही, दोन दिवस डिझेलचे ढेकर. नशीब की ते पोटातच गेलं. पोटापेक्षा फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा आहे, ही तेलं पातळ असतात, ठसका लागला की श्वासनळीत उतरतात अन् फुप्फुसाला सूज येते. म्हणून कोणी गिळलं तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, उलटीतून वर येताना तेच फुप्फुसात जाते. सरळ दवाखाना. अन् दाबायचा हातपंप लय महाग मिळत नाही, तो घ्या.

प्रश्न: संपृक्त की असंपृक्त हे घरी ओळखता येते का?

शाळेत ब्रोमीन वॉटर असते, असंपृक्तानं त्याचा तांबूस रंग जातो. घरी ते नको, वाफ वाईट. विहिरीत टाकायची ती लाल दवा, पोटॅशियम परमँगनेट, तिचा एक कण ग्लासभर पाण्यात टाका, फिकट जांभळं होऊ द्या. त्यात संत्र्याच्या सालीचा फवारा मारून ढवळा, जांभळा जाऊन मळकट तपकिरी येतो. दुसऱ्या ग्लासात मेणाचा चुरा टाका, जांभळं तसंच राहते. प्रयोग शंभर टक्के पक्का नाही कारण सालीत इतरही पदार्थ असतात, पण फरक डोळ्यांना दिसतो.

प्रश्न: सोयाबीनचं तेल असंपृक्त म्हणतात, म्हणजे ते अल्कीन?

नाही, तेलात ऑक्सिजन आहे, घराबाहेरचं. पण त्याच्या लांब कार्बन साखळीत दुहेरी बंध आहेत म्हणून असंपृक्त हा शब्द तिथंही लावतात. निकेलच्या मदतीनं त्यात हायड्रोजन घुसवला की दुहेरीचे एकेरी होतात अन् तेल गोठून डालडा बनतो. जवसाच्या तेलात दुहेरी बंध जास्त, म्हणून ते हवेतला ऑक्सिजन पकडून सुकते अन् लाकडावर कडक थर धरते, बैलबंडीच्या लाकडाला पाजायचे ते उगाच नाही.

प्रश्न: खायच्या पदार्थात खरा हायड्रोकार्बन असतो का?

असतो, रोज खाता. टमाट्याचा लाल रंग म्हणजे लायकोपीन, सी४०एच५६, ऑक्सिजन औषधालाही नाही. म्हणून फोडणीत टमाटे परतले की रंग पाण्यात न जाता तेलात उतरतो अन् कडेनं लाल तेल सुटते. हिशेब करा, चाळीस कार्बनला ब्याऐंशी हवेत, आहेत छप्पन, सव्वीस कमी, म्हणजे तेरा. लायकोपीनमध्ये तेराच्या तेरा दुहेरी बंध, सरळ लांब रेणू. आता गाजर घ्या, त्यातलं बीटा कॅरोटीन, त्याचंही सूत्र सी४०एच५६. तेच तेरा, पण त्यात अकरा दुहेरी बंध अन् दोन्ही टोकांना एकेक कडं. एका समघटकाचा रंग लाल, दुसऱ्याचा नारंगी.